खरी कमाई भरायची नसते, करायची असते



एरवी मी इथे उधन्याच्या जुन्या मराठी वस्तीच्या, सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या, बँकेतल्या लेजरच्या दिवसांच्या आठवणी लिहितो. आजही आठवण आहेच, पण भांडण जास्त आहे. लेख लांबलाय. चहा घेऊन बसा आणि पटलं नाही तर खुशाल उलट लिहा.

भांडण एका शब्दावरून आहे. "खरी कमाई". आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांना हा शब्द सांगावा लागत नाही. स्काऊट-गाईडच्या मुलांनी वर्षातून काही दिवस दारोदारी जाऊन काम मागायचं, ते नीट करायचं, त्याचा मोबदला कार्डावर लिहून घ्यायचा आणि पैसे पथकाच्या निधीत भरायचे. एवढंच. आज हाच शब्द सुरतेतल्या शाळाशाळांतून, मंडळामंडळांतून, मुलांच्या शिबिरांतून फिरतोय, पण त्यातली कमाईही गेली आणि खरेपणाही गेला. उरली ती वर्गणी. आणि वर्गणीला खरी कमाई म्हणणं ही माझ्या मते मुलांची फसवणूक आहे. शब्द कडक वाटेल, पण मी तो विचार करून वापरतोय.

आमच्याकडे पोळ्या करायला एक ताई येतात. डिंडोलीला राहतात, मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा लूमवर. दुपारी घरी साडीवर टिकल्या चिकटवायचं काम घेतात. गेल्या हिवाळ्यात एक दिवस काम आटपून ओट्याशी घुटमळत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, आगाऊ पाचशे द्या ना. पोऱ्याच्या शाळेत खरी कमाई भरायची हाये."

मी म्हटलं, "ताई, खरी कमाई भरायची नसते हो, करायची असते."

त्या म्हणाल्या, "ते मले काय मालूम काका. चिठ्ठी आली. नाही भरले तर त्याले स्टॉलवर उभं नाही करणार म्हणे."

पाचशे दिले, तो प्रश्न नव्हता. प्रश्न पुढे आहे. हा पोरगा सातवीत. रोज संध्याकाळी आईबरोबर बसून साडीवर टिकल्या लावतो, सुट्टीच्या दिवशी गठ्ठे सायकलवर घालून पोचवून येतो. एका साडीचे किती मिळतात, महिन्याला किती साड्या होतात, शेठने किती कापले, सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्या वर्गात कमाई म्हणजे काय हे याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. आणि नेमका हाच मुलगा "खरी कमाई आणली नाही" म्हणून चार दिवस शाळेत गेला नाही, लाजेने. जो खरंच कमावतो तो नापास, आणि ज्याच्या बापाने मोबाईलवरून पाचशे टाकले तो पास. मंडळी, हा हिशोब कुठल्या वहीत बसतो ते मला सांगा. मी बी.कॉम. आहे, बँकेत ३६ वर्षं काढली आहेत, मला तरी बसवता आला नाही.

आता आमच्या वेळचं सांगतो. "आमच्या वेळी सगळं चांगलं होतं" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्या वेळी शाळेत छड्या बसत आणि अनवाणी चालावं लागे, ते काही परत नको. पण ही एक गोष्ट नीट होती.

मी शिकलो नंदुरबारला. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. शिरीषकुमारांचं गाव. ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा हातात घेऊन गोळी झेलणारी पोरं आमच्या शाळांमधलीच, त्यामुळे गणवेशातल्या मुलाकडून गावाची काही अपेक्षा असे. १९६३-६४ ची गोष्ट, चीनच्या लढाईनंतरचे दिवस. आमच्या स्काऊट मास्तरांनी प्रत्येकाला एक जाड कार्ड दिलं. त्यावर चार रकाने: काम, कोणाकडे, किती पैसे, सही. आणि तीन नियम तोंडी सांगितले. पहिला, स्वतःच्या घरी कमवायचं नाही. दुसरा, काम न करता कुणी पैसे दिले तर घ्यायचे नाहीत. तिसरा, काम बिघडवलं तर पैसे मागायचे नाहीत, परत करून द्यायचं.

मी काय काय केलं? एका वकिलांच्या सायकली पुसल्या. एका आजींचे गहू निवडून दिले. एका मारवाड्याच्या दुकानातली तागडी आणि वजनं चिंचेने घासली. आणि नंदुरबार म्हणजे मिरची, तेव्हा एका आडत्याकडे लाल मिरचीची देठं खुडली. दोन तासांनी हात असे पेटले की रात्री आईने तूप चोळलं तरी झोप नाही. त्याचे मिळाले आठ आणे. पुढे बँकेत मी लाखांची कर्जं मंजूर केली, पण पैशाला तिखट चव असते हे मला त्या आठ आण्यांनी शिकवलं.

एका व्यापाऱ्याने काम नाही म्हणून सांगितलं आणि गल्ल्यातून रुपया काढून पुढे केला. आम्ही दोघं होतो. आम्ही "नको" म्हटलं. तो हसला, मग म्हणाला, "बरं, हे पत्ते लिहा पाकिटांवर." वीस पाकिटं लिहिली, रुपया घेतला, सही घेतली. आठवड्याचे माझे झाले सहा रुपये आणि काही आणे. शाळेची सगळी रक्कम राष्ट्रीय संरक्षण निधीला गेली. किती गेली ते आठवत नाही. माझे किती होते ते आठवतं. मुद्दा तोच आहे.

हे काही आमच्या मास्तरांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. स्काऊटच्या मुळातच ते आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०८ मध्ये मुलांसाठी पुस्तक लिहिलं, त्यातल्या नियमांत काटकसरीचा एक नियम आहे. त्याचा मतलब असा, की मुलाने पै-पै वाचवून ती बँकेत ठेवावी, म्हणजे उद्या काम नसलं तर तो कुणावर भार होणार नाही आणि दुसऱ्या गरजवंताला देता येईल. चक्क बँकेत ठेवावी! आमच्या धंद्याची एवढी जाहिरात दुसऱ्या कुठल्या नियमावलीत मी पाहिली नाही. आपल्याकडे भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही एकत्र संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला झाली. तिच्या नऊ नियमांमध्येही आठवा नियम काटकसरीचाच आहे.

इंग्लंडमध्ये १९४९ पासून "बॉब अ जॉब" नावाचा आठवडा सुरू झाला. बॉब म्हणजे एक शिलिंग. एक काम, एक शिलिंग. त्याचाच हा आपला देशी भाऊ, खरी कमाई. पण मी म्हणेन, आपलं नाव जास्त चांगलं आहे. त्यांच्या नावात फक्त भाव आहे, आपल्या नावात नीती आहे. "खरी" हा शब्द ज्याने जोडला त्याला ठाऊक असणार की खोटीही कमाई असते.

आणि स्काऊटिंग आपल्याला कुणी आयतं दिलेलं नाही, हेही नव्या पालकांना माहीत नसतं. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद. मग ॲनी बेझंट यांनी मद्रासेत वेगळी संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. सेवा हा शब्द नावातच. जत्रांमध्ये चुकलेली माणसं शोधणं, बुडत्याला काढणं, पटकीच्या साथीत पाणी पाजणं, ही कामं ती मुलं करत. थर्माकोलचा चेक हातात धरून फोटो काढत नव्हती.

थर्माकोलच्या चेकवरून आठवलं.

आपल्या शहरात अशा एका "खरी कमाई मेळाव्या"ला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. नाव सांगणार नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. स्टेजवर दारा-एवढा चेक, त्यावर सव्वीस हजार, एका वृद्धाश्रमाच्या नावे. टाळ्या, फोटो, ड्रोन. स्टॉलवर लोचो, खमण, वडापाव, सगळं केटररकडून आलेलं, केटररचीच माणसं वाढत होती, आणि मुलं स्कार्फ घालून मागे सेल्फी काढत होती. एका चुणचुणीत मुलाला मी विचारलं, "काय रे, यातले तू किती कमावलेस?"

"मम्मीने पाचशे दिले, आजोबा."

"ते मम्मीचे झाले. तुझे किती?"

तो गोंधळला. आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहून हसली, जरा रागानेच. त्या मुलाचा काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे संयोजकांनी, बँकवाले काका आहेत म्हणून, हिशोब माझ्याकडेच तपासायला दिला. तो इथे मांडतो, आकडे गोल करून. मुलं ४०, प्रत्येकी पाचशे, म्हणजे २०,००० जमा. कुपनांची विक्री २६,०००, आणि कुपनं घेणारे कोण? तेच पालक, दुसऱ्यांदा. एकूण जमा ४६,०००. खर्च: केटरर १४,०००, मंडप आणि साऊंड ९,०००, बॅनर, सर्टिफिकिटं, तो चेक आणि ड्रोनवाला मिळून ४,०००. एकूण २७,०००. शिल्लक १९,०००.

आता नीट बघा. पालकांनी पहिल्या दिवशी जे वीस हजार दिले, ते तसेच पाकिटात घालून वृद्धाश्रमाला नेऊन दिले असते, तर म्हाताऱ्यांना एक हजार जास्त मिळाले असते. म्हणजे त्या दिवसाची मुलांची खरी कमाई किती? उणे एक हजार. आणि चेकवर लिहिलं होतं सव्वीस. विक्रीला कमाई म्हणणारा आमच्या बँकेत कर्ज मागायला आला असता तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवला असता. मी हे संयोजकांना सांगितलं. ते म्हणाले, "काका, भावना बघा ना." भावना मी बघतो. पण भावनेचं व्हाउचर जोडता येत नाही.

एक मान्य करतो. हे फक्त आपल्याकडे झालंय असं नाही. अमेरिकेत १९१७ मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावी गर्ल स्काऊटच्या मुलींनी घरच्या भट्टीत बिस्किटं भाजली आणि शाळेत विकली. स्वतः मळली, स्वतः भाजली. आज तीच बिस्किटं कारखान्यात बनतात. माझी भाची न्यू जर्सीला असते, ती सांगते की तिच्या ऑफिसात आई-बापच यादी फिरवतात. जगभर एकच रोग. मुलांचं काम मोठ्यांनी उरकायचं आणि कौतुक मुलांचं करायचं.

आता या विषयावर मला जी उत्तरं ऐकवली जातात ती एकेक घेतो.

पहिलं: "काका, आजकाल मुलांना दारोदार कसं पाठवणार? दिवस वाईट आहेत." हे मी हसण्यावारी नेत नाही. मला नाती आहेत. इंग्लंडातही मुलांच्या सुरक्षिततेच्या काळजीनेच ती प्रथा मागे पडली. पण त्यांनी काय केलं? २०१२ मध्ये तिथल्या स्काऊट संघटनेने तीच कल्पना नव्या रूपात परत आणली, मुलांनी गटाने मिळून वस्तीचं काम करायचं. म्हणजे काळजी खरी असली तर वाट निघते. आपल्या सोसायट्यांमध्ये शंभर-शंभर फ्लॅट आहेत. आपल्याच सोसायटीत, दिवसाउजेडी, दोघादोघांनी, दार उघडं ठेवून, खाली एक मोठं माणूस बसवून काम करता येत नाही? ज्या मुलांना आपण रात्री दहाला ट्यूशनहून ॲक्टिव्हावर एकटं येऊ देतो, त्यांना शेजारच्या आजींच्या कुंड्यांना पाणी घालायला पाठवताना तेवढी भीती वाटते. ही भीती सुरक्षिततेची नाही. "आमचा मुलगा लोकांच्या घरी काम करणार?" ही ती भीती आहे. सरळ बोला.

दुसरं: "ही बालमजुरी झाली." हे वाक्य सुरतेत तरी जपून उच्चारावं. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, २०१६ च्या दुरुस्तीने ती सगळ्या धंद्यांना लागू झाली, आणि ते योग्यच झालं. मी आज कुठल्याही मुलाला मिरचीच्या गोदामात किंवा लूमच्या खात्यात पाठवणार नाही. पण नोकरी वेगळी आणि वर्षातून एक आठवडा, रोज तासभर, शेजाऱ्याचा पंखा पुसणं वेगळं. पहिल्यात मुलाचं बालपण विकलं जातं, दुसऱ्यात त्याला श्रमाची किंमत कळते. आणि ज्यांना बालमजुरीची एवढी चाड आहे त्यांनी ताईंच्या मुलाकडे पाहावं. तो रोज संध्याकाळी टिकल्या लावतो तेव्हा कुणाला कायदा आठवत नाही. आणि वर त्याच्याकडूनच पाचशे मागितले जातात.

तिसरं: "रक्कम मोठी होते ना, चांगल्या कामाला जाते." मग त्याला देणगी म्हणा. देणगी हा वाईट शब्द नाही. गुजरातीत फाळो म्हणा. मी स्वतः देईन. पण मुलाच्या नावावर खोटी नोंद करू नका. आपल्याकडे अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला होता, टिळकांनी त्याला पाठिंबा दिला. माणशी एक पैसा. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या फंडाची ताकद रकमेत नव्हती. गरिबातल्या गरिबालाही त्याचा पैसा श्रीमंताच्या पैशाच्या मापाचा होता, ही ताकद होती. खरी कमाईचंही तसंच. मजुराच्या मुलाला आणि हिऱ्याच्या शेठच्या मुलाला एकच माप: दोन हात, एक तास. पाचशे रुपयांची चिठ्ठी निघाली की ते माप मोडलं.

चौथं, आणि हे शाळेतल्या शिक्षकांचं: "आम्हाला वेळ कुठे आहे?" हे मात्र खरं आहे आणि इथे मी शिक्षकांच्या बाजूने आहे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यातून त्यांना उसंत नाही. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत सात भाषांत शिकवतात, त्यात आपली मराठीही आहे, आणि तिथले शिक्षक किती ओढाताणीत असतात ते मी जवळून पाहतो. म्हणून तर म्हणतो, हे काम आपण निवृत्तांनी घ्यावं. आपल्याला वेळच वेळ आहे. रोज सकाळी गार्डनमध्ये बसून सरकार कुणाचं येणार यावर दीड तास जातोच ना?

पैशाचं झालं. आता सेवेचं. तिथेही तोच प्रकार.

स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली. अभिमान आहे. पण ते ज्यांच्यामुळे झालं ते पहाटे चार वाजता रस्ता झाडणारे कामगार आहेत. आपली मुलं मात्र "सेवा प्रकल्प" म्हणून नवे कोरे झाडू, प्लास्टिक न काढलेले हातमोजे घालून डुमसच्या किनाऱ्यावर उतरतात, अर्धा तास फोटो, मग नास्ता, आणि नास्त्याच्या प्लेटा तिथेच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गाडगेबाबांचा खराटा आठवा. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, रात्री कीर्तन. आणि फुकटची भाकर खायचे नाहीत. आधी काम, मग भाकर. खरी कमाईचा यापेक्षा चांगला धडा कुठल्या पुस्तकात नाही. आपल्या खानदेशातल्या अमळनेरला साने गुरुजी वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा मुलांच्या खोल्या स्वतः झाडून ठेवत. त्यांनी बॅनर लावला नव्हता, मुलांना आपसूक लाज वाटून ती झाडायला लागली.

आणि सुरतकरांना तर सेवा म्हणजे काय हे शिकवायची गरज नव्हती. सप्टेंबर १९९४ चा प्लेग आठवतो? टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानातून गायब, स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, अर्धी सुरत गाडीत, आपली माणसं मिळेल त्या वाहनाने खानदेशाकडे. आम्ही तोंडाला रुमाल बांधून शाखा उघडी ठेवली होती. तेव्हा जे मागे राहिले त्यांच्या जिवावर शहर राहिलं. ऑगस्ट २००६ चा पूर आठवतो? उकाईचं पाणी सुटलं आणि ७ तारखेला बघता बघता तापी घरात. आमच्या भागात दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या लोकांना दूध-पाणी कुणी पोचवलं? वस्तीतल्या पोरांनी, ट्यूब आणि पिंपं बांधून तराफे केले होते. पाणी ओसरल्यावर लोक भिजलेल्या नोटांची पुडकी घेऊन बँकेत आले. रांगेत म्हातारी माणसं. तेव्हा चार कॉलेजची पोरं आठवडाभर रोज येऊन बसायची. फॉर्म भरून द्यायची, नोटा सुट्या करून द्यायची, म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांनी फोटो काढला नाही. तीच सेवा.

आणि एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. २४ मे २०१९. सरथाणाच्या तक्षशिला आर्केडची आग. वरच्या मजल्यावर क्लास. २२ जीव गेले, बहुतेक कोवळी पोरं. ती दृश्यं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, पुन्हा सांगत नाही. एका तरुणाने इमारतीवर चढून काही मुलांना उतरवलं, तेही पाहिलं. त्या आगीला जबाबदार कोण, हा कोर्टाचा विषय. मी वेगळा प्रश्न विचारतो. स्काऊटचं ब्रीद काय? तयार राहा. आज या शहरात स्कार्फ घालून फिरणाऱ्या किती मुलांना दोराची पक्की गाठ मारता येते? धुरात वाकून, तोंडाला ओला कपडा लावून बाहेर पडायचं हे किती जणांनी एकदा तरी करून पाहिलंय? आपल्या क्लासला दुसरा जिना आहे का, हे किती जणांनी वर मान करून बघितलंय? गाठी मारणं, प्रथमोपचार, माणूस उचलून नेणं, हे सगळं स्काऊटच्या परीक्षेत आहे. ते आपण बाजूला टाकलं आणि लोचोचे स्टॉल लावले. जमलेल्या पैशातून ड्रोन आला. दोर आला नाही.

म्हणून मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. "काका, मुलांचा कार्यक्रम आहे, एवढं काय मनावर घेता" असं म्हणणाऱ्यांना हेच माझं उत्तर.

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून काय करता येईल ते लिहितो. पाचच गोष्टी.

१. पाचशेची चिठ्ठी बंद. मुलाकडून एक पैसाही आगाऊ घ्यायचा नाही. कार्ड द्यायचं, चार रकान्यांचं, आमच्यासारखं. स्वतःच्या घरचं काम धरायचं नाही. एका कामाचे जास्तीत जास्त वीस रुपये, म्हणजे कुणी शेठ प्रेमाने पाचशेची नोट काढणार नाही.

२. कामं खरी असावीत. दिवाळीआधी पंखे पुसणं, रद्दी उतरवणं, सायकली धुणं, सुट्टीत गावी गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी. आणि मुलींना स्वैपाक-रांगोळी, मुलांना सायकली, अशी वाटणी नको. सगळ्यांनी सगळं.

३. नोव्हेंबरात आपण पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आपल्यातल्या निम्म्यांना ते जमत नाही. ७ नोव्हेंबरला स्काऊटचा ध्वजदिन असतो. त्या आठवड्यात मुलांनी सोसायटीत टेबल टाकून आजी-आजोबांना मदत करावी, दाखल्यामागे वीस रुपये. आजोबांनी स्वतः सगळं टाइप करावं, मुलाने बाजूला बसून फक्त दाखवावं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, स्काऊटलाही नाही!

४. हिशोब मुलांनीच लिहायचा. पूर्वी शाळाशाळांत संचयिका असायची, मुलंच कारकून, मुलंच खजिनदार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १० वर्षं पुरी झालेल्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं. जमाखर्च कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावायचा, आणि चेक असला तर खऱ्या चेकच्या मापाचा.

५. पहिल्या पैशातून दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि अग्निशमन दलाच्या माणसाकडून एक दिवसाचं शिक्षण. वृद्धाश्रमाला त्यानंतर. आणि वृद्धाश्रमाला पैसे देण्यापेक्षा तिथे जाऊन कुणाची नखं कापून दिली, पत्र वाचून दाखवलं, तर म्हाताऱ्यांना जास्त बरं वाटेल. हे मी अनुभवाने सांगतो, वयच तसं झालंय.

सहा रुपये सहा आण्यांना आज कुणी विचारणार नाही. वीस-वीस रुपयांनी चाळीस मुलांचे कदाचित चार हजारच होतील. होऊ देत. ते चार हजार खरे असतील, सव्वीस हजारांच्या पाटीपेक्षा मोठे असतील, आणि त्यात ताईंच्या पोऱ्याचं कार्ड सगळ्यात भरलेलं असेल, याची मला खात्री आहे. त्याला कामाची सवय आहे, आणि लाज वाटायचं कारण नाही.

उधना, डिंडोली, लिंबायत, पांडेसरा या भागातल्या कुणी निवृत्त मंडळींना या दिवाळीआधी हे करून पाहायचं असेल तर खाली लिहा. दोन-चार जण जमलो तरी एका सोसायटीपासून सुरुवात करू. कार्ड मी माझ्या हाताने आखून देतो. रकाने आखायची सवय अजून गेलेली नाही.

ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनीही लिहा, पण आपल्या मुलाने गेल्या खरी कमाईत स्वतः काय काम केलं, ते आधी लिहा.